दक्षिण सुदान: एवढी मदत जाऊनही भूक का संपत नाही?

नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्या एका तरुण डॉक्टरने हा प्रश्न विचारला आहे. दक्षिण सुदान 2011 साली स्वतंत्र झाला. तेव्हापासून जगाने तिथे अब्जावधी डॉलर ओतले, तरी उपासमारीच्या बातम्या थांबत नाहीत. मग ही मदत जाते कुठे? संस्थाच पैसे खातात का? आणि तिथे जाऊन माझ्यासारख्याचा काही उपयोग होईल का?

मी पोषण आणि पुरवठा अशा दोन्ही बाजूंनी हे काम केलं आहे, आधी मेळघाटात आणि नंतर दक्षिण सुदानच्या जोंगलेई, युनिटी, अपर नाईल या भागांत. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. पैसे खाल्ले जातात, पण संस्थांच्या ज्या कपाटाकडे सगळे बोट दाखवतात तिथे त्यातला थोडाच भाग जातो. सर्वांत जास्त पैसा खातो तो उशीर. तो का होतो, कोण करतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे समजलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी भुकेचं मूळ पाहू. दक्षिण सुदान म्हटलं की आपल्याकडे तडकलेली जमीन आणि कोरडं आभाळ डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात तो पाण्याचा देश आहे. मधोमध पांढरी नाईल आणि तिच्या दोन्ही अंगांना सुद्दची अफाट दलदल. दक्षिणेकडच्या इक्वेटोरियात बऱ्याच ठिकाणी वर्षाला दोन पिकं निघतात. मासे आहेत, गुरं आहेत, ज्वारी पिकते. तरीही 20 फेब्रुवारी 2017 रोजी युनिटीमधल्या लीर आणि मायेंदित या दोन तालुक्यांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. त्याचे निकष फार कडक असतात. किमान 20 टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, 30 टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजार लोकांमागे रोज किमान दोन माणसं दगावतात, एवढं झाल्यावरच तो शब्द वापरता येतो. म्हणजे तो उच्चारला जातो तेव्हा माणसं आधीच मेलेली असतात.

लीरमध्ये पाऊस दगा देऊन गेला नव्हता. 2015 पासून त्या पट्ट्यात सैन्य आणि सशस्त्र टोळ्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. झोपड्या जाळल्या, गुरं हाकून नेली, पेरणीच्या दिवसांत माणसं दलदलीतल्या बेटांवर जाऊन लपली. तिथे कुमुदाचे कंद उपसून, हाताला लागतील ते मासे खाऊन दिवस काढले. गुरं गेली म्हणजे दूध गेलं, आणि दूध गेलं म्हणजे पाच वर्षांखालचं मूल गेलं, असा तो सरळ हिशोब होता. ही भूक माणसांनी घडवली. पुढे मदतीचा मोठा रेटा लागला आणि त्याच वर्षी जूनमध्ये दुष्काळ हटल्याचं जाहीर झालं. मदतीने जीव वाचतात याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. पण त्याच जूनमध्ये देशभरातल्या तीव्र अन्नटंचाईग्रस्तांचा आकडा 60 लाखांवर गेला होता. फेब्रुवारीत तो 49 लाख होता. एका कोपऱ्यात पाणी उपसलं जात होतं आणि बाकीच्या घरात भरत होतं.

आता या देशाचा जन्म पाहा. सुदान सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांच्यातला 2005 चा शांतता करार, जानेवारी 2011 चं सार्वमत, त्यात 98 टक्क्यांहून अधिक लोकांचा स्वातंत्र्याला कौल आणि 9 जुलै 2011 ला झेंडा. सरकारच्या उत्पन्नाचा 98 टक्के भाग तेलाचा, आणि ते तेल बाहेर नेणारी पाइपलाइन मात्र सुदानमधून पोर्ट सुदानला जाणारी. वाहतुकीच्या दरावरून भांडण झालं आणि जानेवारी 2012 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याला वर्षही झालेलं नसताना, सरकारने तेल उत्पादनच बंद केलं. (या तेलक्षेत्रांत आपल्या ओएनजीसी विदेशचीही भागीदारी आहे, त्यामुळे ती बातमी दिल्लीतही बारकाईने वाचली गेली.) तिजोरीत आधीच जे होतं त्यातलं बरंचसं सैन्याच्या पगारावर जायचं. शाळा आणि दवाखान्यांच्या वाट्याला काही उरलंच नाही.

इथली खरी गाठ त्याहून जुनी आहे. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' सुरू केलं. युद्ध चालू असताना सरकार आणि बंडखोर या दोघांशी बोलून दोन्ही बाजूंच्या लोकांपर्यंत अन्न पोचवायचं, ही त्या काळात नवीच गोष्ट होती. केनियातल्या लोकिचोग्गियोहून विमानं उडायची आणि दक्षिणेत धान्य, लस, औषधं उतरायची. यामुळे लाखो लोक जगले, हे निर्विवाद. पण त्या वर्षांत एक अख्खी पिढी वाढली, जिच्या लेखी दवाखाना म्हणजे परदेशी संस्थेचा तंबू आणि धान्य म्हणजे आभाळातून येणारी गोष्ट. 1998 च्या बहर-अल-गझलच्या दुष्काळात तर वाटलेल्या धान्यातला वाटा सैनिकांसाठी परत गोळा होत असल्याचं उघड झालं. त्या बंडखोर चळवळीतले लोक पुढे सरकार झाले. लोकांना जगवायचं काम दुसरं कोणी तरी करतं, ही सवय घेऊनच ते खुर्चीवर बसले. माझ्या मते या देशाच्या मदतकार्यातली सर्वांत अवघड अडचण हीच आहे, आणि ट्रक वाढवून ती सुटत नाही.

15 डिसेंबर 2013 च्या रात्री राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला. अध्यक्ष साल्वा कीर यांनी उपाध्यक्ष रिएक मचार यांना जुलैमध्येच पदावरून काढलं होतं. सत्तेच्या या भांडणाला काही दिवसांतच डिंका विरुद्ध नुएर असं दोन जमातींच्या लढाईचं रूप आलं आणि बोर, मलाकल, बेंतियू ही शहरं आळीपाळीने या हातातून त्या हातात जात राहिली. जीव वाचवण्यासाठी लोक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळांवर धावले आणि तळांनी फाटकं उघडली. तो निर्णय योग्यच होता, पण तळ बांधलेले सैनिकांसाठी. बघता बघता त्यांत दोन लाखांहून जास्त लोक राहू लागले, एकट्या बेंतियूत लाखाच्या वर. 2014 च्या पावसाळ्यात तिथे झोपड्यांतून गुडघाभर पाणी होतं आणि आया रात्र रात्र मुलांना कडेवर घेऊन उभ्या राहत. कुंपणाच्या आत तरी जीव सुरक्षित असावा, तर तेही नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मलाकलच्या तळावरच हल्ला झाला आणि सुमारे तीस माणसं गेली. सरपणासाठी कुंपणाबाहेर पडणाऱ्या बायकांवर काय ओढवत होतं, ते नोंदवून ठेवलेलं आहे. इथे तपशील देत नाही.

आता उशिराकडे येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला हे लगेच कळेल. जोंगलेई आणि अपर नाईलची बरीचशी जमीन आपल्यासारखीच काळी, कापसाची आहे. मार्चमध्ये हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा आणि पहिल्या दोन पावसांतच ट्रकचं चाक आसापर्यंत रुततं. फरक असा की आपल्याकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर कुठे तरी मुरूम, खडी, डोंगर सापडतो. तिथे मैलोन्‌मैल दगडाचा तुकडा दिसत नाही, मग रस्ता बांधणार कशाने? देशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीच्या आसपास आणि पहिला लांब पल्ल्याचा डांबरी रस्ता, जुबा ते निमुले 192 किलोमीटर, पूर्ण झाला 2012 साली. मे ते ऑक्टोबर बहुतेक रस्ते बंद. ट्रक चालतात ते साधारण डिसेंबर ते एप्रिल. त्या चार-पाच महिन्यांत पुढच्या अख्ख्या पावसाळ्याचं धान्य गावोगावच्या गोदामांत नेऊन ठेवावं लागतं.

धान्य बहुधा मोम्बासा बंदरातून येतं. तिथून जुबा दीड हजार किलोमीटरहून लांब, आणि जुबापासून पुढचा प्रवास वेगळाच. खरेदी, जहाज, बंदर, सीमा, ट्रक असा हिशोब केला तर पैसे हातात आल्यापासून पोतं गोदामात पडेपर्यंत काही महिने सहज जातात. म्हणून देणगीदार देशांचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पक्का व्हायला हवा. प्रत्यक्षात वर्षाचा आराखडा जाहीर होतो, मग आवाहन, मग परिषद, मग आश्वासनं, आणि बरीचशी रक्कम हातात येते वसंत ऋतू सरताना, म्हणजे युरोपातला वसंत. तेव्हा जोंगलेईवर ढग जमलेले असतात. तोच डॉलर मग ट्रकऐवजी विमानाच्या इंधनात जातो, आणि विमानाने टाकलेलं धान्य रस्त्याच्या धान्यापेक्षा सहा-सात पट महाग पडतं.

आकडा समोर ठेवूनच सांगतो. माणशी रोज अर्धा किलो ज्वारी धरली तर महिन्याला 15 किलो. आकाशातून धान्य टाकणारं इल्युशिन-76 जातीचं मालवाहू विमान एका फेरीत साधारण 30 टन नेतं. म्हणजे एक फेरी, दोन हजार माणसं, एक महिना. चाळीस हजार वस्तीच्या तालुक्याला फक्त ज्वारीसाठी महिन्याला वीस फेऱ्या लागतात. डाळ आणि तेल वेगळं. असे किती तरी तालुके आहेत.

धान्य टाकणं दुरून फार सोपं दिसतं. आदल्या दिवशी जमिनीवरच्या तुकडीने मोकळं मैदान आखून घेतलेलं असतं. सकाळपासून माणसं, मुलं, शेळ्या त्यातून बाहेर काढायच्या, आणि पन्नास किलोचं पोतं डोक्यावर पडलं तर माणूस जागीच जातो हे परत परत सांगायचं. विमान जमिनीपासून तीनेकशे मीटरवर येतं, नाक थोडं वर उचलतं आणि मागच्या उघड्या दारातून पोत्यांची रांग घसरत खाली सुटते. धान्य एकात एक अशा अनेक पोत्यांत भरलेलं असतं, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरचं टिकतं. धूळ बसली की हमाली सुरू होते. पोती गोळा करायची, थप्प्या लावायच्या, मोजायची, फाटकी शिवायची. सांडलेला दाणा अन् दाणा बायका सुपाने मातीतून वेगळा करतात. नोंदणी झालेल्यांना वाटप करून तुकडी पुढच्या गावाला निघते. 2014 पासून हेलिकॉप्टरने उतरून हे सगळं उरकणाऱ्या फिरत्या तुकड्या नसत्या, तर आघाडीपलीकडच्या गावांपर्यंत कोणी पोचलंच नसतं.

वाटप झालं म्हणजे जेवण झालं असं नाही. येते ती अख्खी ज्वारी. ती उखळात कांडायची किंवा डिझेलच्या चक्कीवर न्यायची, आणि चक्कीवाला दळणाचा मोबदला ज्वारीतच घेतो. चक्की दुसऱ्या गावात असेल तर वाटेत काय होईल ते सांगता येत नाही. ज्या घरात कांडायला धडधाकट बाई नाही, फक्त म्हातारी आणि नातवंडं आहेत, तिथे 15 किलोचे 15 किलो ताटात पोचत नाहीत. आपण ज्वारी खाणारी माणसं, दळणाचा प्रश्न आपल्या घरात आजीला विचारला तरी कळेल. तरीही मदतीच्या आराखड्यात चक्की हा शब्द किती तरी वेळा नसतो. मी जिथे शक्य झालं तिथे पहिल्याच बैठकीत चक्कीचा खर्च मागितला आहे आणि यापुढेही मागेन.

डॉक्टर म्हणून तुम्ही जाल ते बहुधा कुपोषण केंद्रात. झाडाखाली रांग, मुलाच्या दंडावर रंगीत पट्टी. दंडघेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेला तर अतितीव्र कुपोषित. ही पट्टी मेळघाटातल्या अंगणवाडी सेविकेच्या पिशवीत असते तीच. उपचारही ओळखीचे: शेंगदाणा, दूधभुकटी, तेल, साखर यांची घट्ट पेस्ट, 92 ग्रॅमच्या पुडीत 500 किलोकॅलरी. वजनानुसार आठवड्याच्या पुड्या द्यायच्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा वजन. मूल सहा-आठ आठवड्यांत सुधारायला हवं. सुधारत नसेल तर जंतुसंसर्ग पाहा, क्षयरोग पाहा, त्या पट्ट्यात वाळूमाशीमुळे होणारा काळा आजार जरूर पाहा. आणि एक गोष्ट आईला विचारा: घरी बाकीची मुलं काय खातात? घरातली ज्वारी संपली असेल तर त्या पुड्या चार भावंडांत वाटल्या जातात. कोणती आई वाटणार नाही? जून 2022 मध्ये पैशाअभावी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला 17 लाख लोकांची मदत थांबवावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी शिधा निम्म्यावर आला होता. वर कुठे तरी शिधा कापला गेला की काही आठवड्यांनी खाली झाडाखालची रांग वाढते. केंद्रातला डॉक्टर रोग्याकडे पाहतो, पण त्याच्या रोगाचं कारण जिनिव्हातल्या एखाद्या तक्त्यात असतं.

पाऊस आणि पैसा यांच्याबरोबर तिसरी गोष्ट म्हणजे परवानगी. मदत आणि पुनर्वसन आयोग नावाचं सरकारी खातं आहे, त्याची परवानगी. लष्कराची, सुरक्षा खात्याची, राज्यपालाच्या कार्यालयाची परवानगी. गाव बंडखोरांच्या ताब्यात असेल तर त्यांच्याही मदत-शाखेची. हेलिकॉप्टर उतरण्यापूर्वी दोन्ही बाजूंकडून सुरक्षिततेची हमी घ्यावी लागते. "नाही" असं कोणी म्हणत नाही. साहेब बैठकीत आहेत, शिक्का जुबात आहे, उद्या या, असं चालतं. एप्रिलमधला एक-एक दिवस असा गेला की पाऊस येतो आणि नकार आपोआप मिळतो. कोणत्या गावाची परवानगी अडते हे नकाशावर मांडलं, तर ते गाव कोणाच्या बाजूचं आहे ते लगेच कळतं.

रस्त्यावर आणि नदीवर नाके. देशभरात तीनशेहून जास्त नाके मोजले गेले आहेत. पगार महिनोन्‌महिने न मिळालेला सैनिक नाक्यावर उभा असतो. त्याच्या घरीही पोरं उपाशी आहेत, त्यामुळे मला त्या माणसाचा राग येत नाही. ज्यांनी त्याला पगाराऐवजी नाका दिला त्यांचा येतो. नाईलवरून मलाकलकडे जाणारा मालाचा तराफा ठिकठिकाणी थांबतो आणि प्रत्येक थांब्याला काही ना काही द्यावं लागतं. अधिकृतपणे संस्था देत नाहीत, पण मालवाहतूकदार ते भाड्यात धरतो. म्हणजे शेवटी पैसा कोणाचा गेला ते उघड आहे. 2017 मध्ये दुष्काळ जाहीर होऊन महिनाही झालेला नसताना सरकारने परदेशी मदत कर्मचाऱ्यांच्या कामाच्या परवान्याचं शुल्क दहा हजार डॉलर करण्याचं जाहीर केलं. नंतर ते मागे घेतलं, पण त्यातून वृत्ती दिसली.

तर "संस्था खातात का" याचं सरळ उत्तर असं. संस्थांचा कारभार महाग आहे, आणि परदेशी माणसांचे पगार, राहणं, विमानं यांवर फार खर्च होतो. त्यावर टीका व्हायलाच हवी. स्थानिक पातळीवर यादीत नावं घुसवणं, गोदामातून माल जाणं हेही होतं. पण मोठी लूट बंदुकीने होते. जुलै 2016 मध्ये जुबात लढाई पेटली तेव्हा अन्न कार्यक्रमाच्या मुख्य गोदामातून साडेचार हजार टनांहून जास्त धान्य लुटलं गेलं. 2 लाख 20 हजार लोकांचं महिन्याचं अन्न होतं ते. अशी लूट कोणत्याही लेखापरीक्षणाने थांबत नाही.

आता या कामाचा भार कोणाच्या खांद्यावर आहे ते सांगतो, कारण मला सर्वांत जास्त कळवळा याचा आहे. डिसेंबर 2013 पासून 2018 पर्यंत तिथे शंभराहून अधिक मदत कर्मचारी मारले गेले, आणि त्यातले बहुतेक सगळे दक्षिण सुदानी होते. 25 मार्च 2017 ला जुबाहून पिबोरला निघालेल्या सहा जणांना रस्त्यात गाठून मारलं. शांतिसेनेतल्या आपल्या जवानांनीही मोल दिलं आहे: 9 एप्रिल 2013 ला जोंगलेईत संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्याला संरक्षण देताना पाच भारतीय सैनिक पडले, त्यांच्याबरोबर सात नागरिकही. 2019 ते 2022 या काळात त्या शांतिसेनेची कमान लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे होती. मलाकलमध्ये भारतीय तुकडीचे पशुवैद्य गुरांवर उपचार करत, आणि गाय हीच जिथे बँक आणि दूध दोन्ही आहे तिथे त्याची किंमत लोक जाणतात.

जुलै 2016 मध्ये आपण 'संकटमोचन' मोहिमेत हवाई दलाची दोन सी-17 विमानं पाठवून भारतीयांना सोडवून आणलं. इतर देशांनीही तेच केलं. आणि मग जुबात, मलाकलमध्ये केंद्रं कोणी चालू ठेवली? तिथल्याच परिचारिका, गोदामपाल, चालक, वजन घेणारी पोरं. नुएर चालक डिंका सैनिकांच्या नाक्यावरून जाऊ शकत नाही आणि डिंका कारकून नुएर गावात उतरू शकत नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये माबानमध्ये निव्वळ नुएर असल्याच्या कारणावरून मदत कर्मचाऱ्यांना वेचून मारलं गेलं. अशा माणसांचा विमा किती, त्यांच्या कुटुंबाला बाहेर काढायची सोय काय, करार किती महिन्यांचा, हे विचारलं की बैठकीत शांतता पसरते. 2016 च्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी ठरवलं होतं की 2020 पर्यंत एक चतुर्थांश पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना द्यायचा. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

स्थानिक माणूस हे काम पेलू शकत नाही, असं कोणी म्हणालं तर मी बुळकांडीची गोष्ट सांगतो. बुळकांडी हा गुरांचा जुना, जीवघेणा साथीचा रोग. 1990 च्या दशकात, युद्ध ऐन भरात असताना, दक्षिण सुदानमध्ये गावातल्याच निवडक गुराख्यांना लस टोचायला शिकवलं. उष्णतेत टिकणारी लस आली होती, त्यामुळे बर्फपेटीची साखळी ताणावी लागली नाही. जिथे एकही पशुवैद्य पोचू शकत नव्हता तिथे हे गुराखी कळपांबरोबर चालत गेले. त्या टापूतून रोग हटला, आणि 2011 साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माणसाच्या दवाखान्यातही हेच करता येतं. दंडघेर मोजायला आयांनाच शिकवलं तर मूल आठ दिवस आधी केंद्रात येतं, आणि पावसात रस्ता तुटला तरी काम थांबत नाही.

रोख मदतीबद्दलही नेहमी विचारतात. जिथे बाजार भरतो तिथे रोख रक्कम चांगली. लोक त्यातून ज्वारी, मीठ, साबण, शाळेची वही, हवं ते घेतात. पण डिसेंबर 2015 मध्ये चलन मोकळं सोडल्यावर डॉलरमागचे तीन पौंड एका झटक्यात अठराच्या वर गेले, आणि पुढच्या वर्षी महागाईने कहर केला. दर महिन्याला रक्कम बदलायची तयारी असेल तरच रोख द्यावी. बाजार नसलेल्या बेटावर नोटा वाटण्यात अर्थ नाही.

सध्याची स्थिती आधीपेक्षा बिकट आहे. 2019 पासून लागोपाठ आलेल्या पुरांनी बेंतियू बेट होऊन बसलं. तिथे बांध घालून लोक राहतात आणि ट्रकचा हंगाम आणखी आखूड झाला आहे. एप्रिल 2023 मध्ये सुदानात युद्ध पेटल्यावर सीमेजवळच्या रेंकच्या बाजूने दहा लाखांहून जास्त लोक दक्षिणेत आले, त्यातले बरेच पूर्वी इथूनच गेलेले. 2024 च्या सुरुवातीला मुख्य पाइपलाइन फुटली आणि सरकारी पगार आणखी थकले. कॉलऱ्याची साथ आली. मार्च 2025 मध्ये मचार यांना नजरकैदेत टाकलं गेलं, लढाई पुन्हा भडकली, आणि 3 मे 2025 ला ओल्ड फांगाकचं रुग्णालय बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. त्याच वर्षी अमेरिकेने जगभरातला मदतनिधी कापला. इतकी वर्षं आरोग्यसेवेचा मोठा भाग परदेशी पैशावर चालत होता; तो एका हंगामात काढून घेतला की उद्या सकाळी लस कोण टोचणार, याचं उत्तर कुणाकडे नाही. सरकारने आपली जबाबदारी उचलावी हे बरोबर आहे, आणि त्यासाठी तेलाच्या पैशाचा हिशोब मागत राहायला हवा. पण त्या भांडणाची शिक्षा पाच वर्षांखालच्या मुलाला होऊ देणं मला कधीच मान्य होणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. जाऊन उपयोग होतो का? होतो, पण लगेच जाऊ नका. आधी इथे एक-दोन वर्षं कुपोषण, हिवताप, बाळंतपण यांचं काम ग्रामीण रुग्णालयात किंवा आदिवासी भागात हाताखालून जाऊ द्या. एक्स-रे नाही, रक्तपेढी नाही, वीज चार तास, अशा ठिकाणी निर्णय घ्यायची सवय करा. जुबा अरबी थोडी शिका. ती बाजारात आणि वॉर्डात सगळ्यांना जोडते. जोंगलेई, अपर नाईलकडे जाणार असाल तर काळ्या आजाराचे उपचार बिहारमध्ये पाहून या; तिथला अनुभव तुम्हाला पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल.

आणि संस्था निवडताना मुलाखतीत दोन गोष्टी विचारा. लढाई जवळ आली तर तुमच्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक सहकाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी लेखी योजना काय आहे? आणि तुम्ही परत आल्यावर तुमचं काम तिथलं कोण करणार, त्या माणसाचं प्रशिक्षण तुमच्या करारात धरलं आहे का? सरळ उत्तरं मिळाली तर जा. उत्तरं गोलमोल आली तर दुसरी संस्था शोधा. डॉक्टरांची तिथे फार कमतरता आहे, तुम्हाला जागा मिळेल.